धंदा अडतो कुठं?

खंडेनवमीच्या दुपारी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातली मशिनं बंद असतात. सकाळी लेथला, ड्रिलला, व्हीएमसीला हळदकुंकू वाहून होतं, झेंडूची माळ पडते, नारळ फुटतो, कामगार पेढे घेऊन घरी जातात. मालक मात्र ऑफिसात बसून राहतात. फोन न वाजणारी दुपार त्यांना वर्षातून क्वचितच मिळते.

पुढच्या संवादातला मामा असाच एक मालक. फौंड्रीतून कास्टिंग विकत घ्यायचं, मशिनिंग करायचं आणि पंप-ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याला द्यायचं, हे त्याचं काम. हाताखाली अठरा माणसं. भाची पुण्यात एका बँकेत लघुउद्योगांची कर्जप्रकरणं बघते. दोन्ही पात्रं मी रचलेली आहेत आणि मामांच्या धंद्याचे आकडे हिशेब सोपा जावा म्हणून गोल घेतले आहेत. वाद मात्र खरा आहे. छोटा धंदा छोटाच का राहतो? मामा म्हणतात, पैसा नाही म्हणून. भाची म्हणते, मालक तसा म्हणून.

मामा : सतरा वर्षं झाली, एक हप्ता चुकला नाही माझा. तरी नव्या व्हीएमसीला कर्ज मागायला गेलो तर साहेब म्हणतो, तारण काय देता? म्हटलं, मशीनच आहे की तारण. म्हणाला, ते धरलंच, पण घराचा उतारासुद्धा आणा. आता तू मला वृत्तीचं प्रवचन देणार असशील तर आधी चहा घे.

भाची : चहा घेते, प्रवचनही देते. बिनतारणी कर्जाला हमी देणारा सरकारी ट्रस्ट २००० सालापासून आहे, मामा. तुम्ही मागितलं नाहीत.

मामा : मागितलं. साहेब म्हणाला, त्यात फार कटकट असते. कटकट कुणाला? त्याला! तुमच्या लोकांना हमीवर भरवसा नाही, माझ्यावर नाही, घराच्या उताऱ्यावर आहे.

भाची : ते मान्य. कर्ज बुडलं की आमच्या माणसाला उत्तरं द्यावी लागतात, न दिलेल्या कर्जाबद्दल कुणी विचारत नाही. पण समजा, पैसे मिळाले. काय केलं असतं?

मामा : दुसरं मशीन आणलं असतं.

भाची : त्यावर कोण?

मामा : सेटर ठेवला असता एक.

भाची : आणि सेटरवर लक्ष कोण ठेवणार?

मामा : मीच की.

भाची : आत्ता रात्री किती वाजता घरी जाता?

मामा : ... मामीनं सांगितलेलं दिसतंय तुला.

भाची : मामीनं कशाला सांगायला पाहिजे? कटिंगचे इन्सर्ट तुम्ही आणता, रिजेक्शन तुम्ही तपासता, चलन तुम्ही लिहिता, गिऱ्हाइकाचा फोनही तुम्हीच घेता. दुसऱ्या मशिनला लागणारा पैसा बँक देईल. दुसऱ्या मशिनला लागणारे मामा कुठून आणायचे?

मामा : मग काय करू? माणसं नीट मिळत नाहीत.

भाची : तारापूरची गोष्ट सांगू? २००८ च्या सुमाराला निकोलस ब्लूम आणि त्यांचे सहकारी अर्थतज्ज्ञ मुंबईजवळच्या तारापूर आणि उंबरगावच्या कापड गिरण्यांत गेले. काही गिरण्यांना त्यांनी मोठ्या सल्लागार कंपनीची माणसं फुकट दिली, काहींना जवळजवळ नाही, आणि मग दोन्हींची तुलना केली. सल्लागारांनी नवीन मशीन आणलं नाही. माग कधी बंद पडला, का पडला ते रोज लिहायचं. कापडातला दोष कुठला, ते नोंदवायचं. सुताचा साठा रंग-जातीप्रमाणे लावून त्यावर चिठ्ठी चिकटवायची. रोज एकत्र येऊन कालचे आकडे बघायचे. एवढ्यावर पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

मामा : गिरण्या त्या. माणसं किती?

भाची : तीनेकशे.

मामा : मग माझ्याशी काय संबंध?

भाची : पुढचं ऐका. गिरणी किती मोठी होणार हे कशावर ठरतं, हेही त्यांनी पाहिलं. मालकाच्या घरात धंद्यात घालण्याजोगे पुरुष किती, यावर! दोन भाऊ आणि तीन मुलगे असतील तर गिरण्या जास्त. एकटा असेल तर धंदा चांगला चालत असूनही तेवढाच. बाहेरच्या मॅनेजरच्या हाती कुणी खरेदी देत नव्हतं, चोरी करील म्हणून. तुमचा मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये गेला त्या दिवशी तुमची वाढ थांबली, मामा. बँकेनं नंतर थांबवली.

(इथं मामा गप्प बसले असं लिहिणं सोपं होतं. पण उद्यमनगरातला माणूस इतक्या लवकर गप्प बसत नाही.)

मामा : चोरी सूत-कापडाची होते ती परवडली. माझ्याकडचा सेटर, सहा वर्षं शिकवला मी त्याला. पलीकडच्या गल्लीत स्वतःचं युनिट टाकलंन आणि माझं गिऱ्हाईक घेऊन गेला. फिक्स्चरचं ड्रॉइंगसुद्धा. आता सांग, विश्वास कुणावर टाकायचा?

भाची : तुम्ही कुणाकडे शिकलात?

मामा : ते वेगळं.

भाची : कसं वेगळं?

मामा : मी गिऱ्हाईक नेलं नव्हतं... म्हणजे एकच नेलं होतं. आणि ते छोटं होतं.

मामांनी कबूल केलं नाही तरी उद्यमनगर असंच वाढलं आहे. एका मेस्त्रीच्या हाताखालून दुसरा बाहेर पडला, त्यानं भाड्याच्या खोलीत एक लेथ मांडला, त्याच्याकडून तिसरा निघाला. शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतही हीच माणसं पसरली. म्हणून कोल्हापुरात युनिटं भरपूर झाली आणि त्यातली बरीचशी लहानच राहिली. ज्याच्यात धमक असते तो नोकरीत थांबत नाही. जो मालक होतो तो पुढच्या धमकवाल्याला घाबरतो. उद्योजकतेचं कौतुक करणाऱ्या भाषणांत ही दुसरी बाजू फारशी येत नाही.

भाची : बरं, सेटर का गेला? पगार कमी होता?

मामा : पगार बरोबरीचा होता.

भाची : पीएफ?

मामा : आपण अठराच आहोत. वीस झाले की पीएफ लागू.

भाची : म्हणजे वीस होऊ नयेत म्हणून अठरावर थांबलात.

मामा : थांबलो नाही गं... गरज पडली तर शेजारच्या युनिटला जॉबवर्क देतो. पैशाचं म्हणत नाही मी. पण रिटर्न, सल्लागाराची फी, तपासणीला येणारा माणूस, हे सगळं आलंच की. विसावा माणूस फार महाग पडतो.

भाची : आणि ज्याला पीएफ नाही, ग्रॅच्युइटीची खात्री नाही, पुढे सुपरवायझर होण्याची आशा नाही, त्यानं इथं का थांबायचं? माणसं टिकत नाहीत म्हणून सगळं स्वतः करता आणि सगळं स्वतः करता म्हणून माणसं टिकत नाहीत.

मामा : झालं बोलून? आता माझा हिशेब ऐक. कागद घे.

हा हिशेब थोडा सविस्तर देतो, कारण या वादातली मामांची सगळ्यांत भक्कम बाजू तीच आहे.

मामा : महिन्याला वीस लाखांचा माल जातो माझा. पैसे येतात नव्वद दिवसांनी. म्हणजे कधीही बघ, साठ लाख गिऱ्हाइकाकडे अडकलेले. आता तो म्हणतो, ऑर्डर वाढवतो, महिन्याला तीस लाखांचा माल द्या. तुझ्या पुस्तकात याला वाढ म्हणतात. माझ्या वहीत काय होतं बघ. येणी साठाची नव्वद लाख झाली, तीस लाख जास्तीचे अडकले. फौंड्रीवाला मला महिन्याची उधारी देतो, त्याचे सहा लाख वजा कर. राहिले चोवीस. पगार, वीज, टूल मला दर महिन्याला रोख भरायचं. जीएसटी पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला भरायचा, गिऱ्हाइकानं मला दिलेला असो की नसो. या जास्तीच्या दहा लाखांवर मला सुटतात ऐंशी हजार. वर्षाचे साडेनऊ लाख धर. चोवीस लाख घालायला माझ्याच नफ्यातून अडीच वर्षं लागतील. तोवर मी वाढलो म्हणून बुडालो असेन.

भाची : त्यासाठीच तर कॅश क्रेडिट असतं.

मामा : असतं. आणि नव्वद दिवसांच्या वरची येणी तुम्ही ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे उचलता येणाऱ्या रकमेत, धरत नाही. गिऱ्हाईक पंच्याण्णवाव्या दिवशी देतो. नेमकी गरज असते तेव्हाच लिमिट आकसतं. स्टॉक स्टेटमेंट भरताना माझा अकाउंटंट देवाचं नाव घेतो.

भाची : पंचेचाळीस दिवसांचा कायदा आहे, मामा. २००६ चा. लेखी करार असला तरी सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यायचे, करार नसेल तर पंधरा. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीनं. २०१७ पासून तक्रारीला समाधान पोर्टल आहे. आणि २०२४ पासून आयकरातही कलम आलं. वेळेत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजावटीत धरता येत नाही.

मामा : सगळं पाठ आहे की तुला. आता एवढंच सांग, मी तक्रार केली तर पुढची ऑर्डर कोण देणार? समाधान पोर्टल?

भाची : ...

मामा : माझ्या विक्रीतला सत्तर टक्के माल एकाच कारखान्याला जातो. त्याच्या खरेदीवाल्याला मी दिवाळीला मिठाई नेतो, चक्रवाढ व्याजाचं बिल नाही नेत. कलम आलं त्या वर्षी तो मला हसत म्हणाला होता, उद्यम नोंदणी नसलेला, म्हणजे कलमाबाहेरचा, व्हेंडर शोधतोय. हसत म्हणाला, पण ऐकायचं ते मी ऐकलं.

भाची : ट्रेड्सच्या पोर्टलवर बिल टाका. गिऱ्हाइकानं बिल मान्य केलं की बँका बोली लावतात, तुम्हाला पैसे चार दिवसांत, वसुली गिऱ्हाइकाकडून. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना आता नोंदणी सक्तीची आहे.

मामा : माझं गिऱ्हाईक ऐंशी कोटींचं. मोठ्या कंपनीला तो देतो, त्याला मी देतो. तुमचे नियम वरच्या पायरीपर्यंत येतात गं, मी तिसऱ्या पायरीवर बसलोय.

हा मुद्दा भाचीला खोडता आला नाही आणि मलाही येत नाही. एकाच गिऱ्हाइकावर विसंबणं हा वृत्तीचा दोष म्हणावा, तर दुसरं गिऱ्हाईक शोधायला जो वेळ आणि जे खेळतं भांडवल लागतं ते पहिल्यानंच अडकवून ठेवलेलं असतं. अभ्यासकांच्या तक्त्यात 'उद्योजकाची वृत्ती' आणि 'उपलब्ध साधनं' असे दोन स्वच्छ रकाने असतात. मामांच्या ऑफिसात ते एकमेकांत मिसळलेले दिसतात. पैसा तोकडा म्हणून सगळं स्वतःच्या हाती. सगळं स्वतःच्या हाती म्हणून नोंदी डोक्यात, कागदावर नाहीत. कागद नाहीत म्हणून बँक घराचा उतारा मागते. ज्या काटकसरीच्या आणि ज्या संशयाच्या जोरावर माणूस पहिली दहा वर्षं तगला, तीच दोन्ही पुढच्या दहा वर्षांत त्याच्या वाटेत आडवी येतात.

भाची : पैसा अडवतो हे मी नाकारत नाही. श्रीलंकेत २००५ च्या सुमाराला एक प्रयोग झाला. अगदी छोट्या धंदेवाल्यांतून चिठ्ठ्या टाकून काहींना दहा हजार, काहींना वीस हजार श्रीलंकन रुपये बक्षीस दिले. परतावा महिन्याला पाच टक्क्यांच्या आसपास निघाला.

मामा : महिन्याला! बघ. मग भांडवलच कमी होतं ना?

भाची : पुरुषांच्या धंद्यात. बायकांच्या धंद्यात सरासरी काहीच वाढ नाही. नंतरच्या अभ्यासात कारण मिळालं. बायकोला मिळालेलं भांडवल घरात नवऱ्याचा धंदा असला की बहुतेक वेळा तिकडे वळायचं. जिथं तिचाच एकटीचा धंदा होता तिथं परतावा चांगला होता.

मामा : तुझ्या मामीच्या मसाल्याचे पैसे मी एकदा वापरले होते. परत दिले.

भाची : मामी म्हणते अजून यायचेत. असू दे. आता आफ्रिकेतल्या टोगोचं बघा. दीड हजार छोटे धंदेवाले. काहींना नेहमीचं प्रशिक्षण दिलं, हिशेब, जमाखर्च, मार्केटिंग वगैरे. काहींना पुढाकार घ्यायला शिकवलं, म्हणजे दुसऱ्यांपेक्षा वेगळं काय करता येईल, अडचण येण्याआधी तिची तजवीज कशी करायची, नकार मिळाल्यावर पुन्हा कसं जायचं. दुसऱ्या गटाचा नफा तीस टक्क्यांनी वाढला. पहिल्याचा अकरा, आणि तो अकराही संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकण्याइतका नव्हता.

मामा : नकार मिळाल्यावर पुन्हा जाणं मला कुणी शिकवायला नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं काय झालं? लोखंडी नांगर केला तर शेतकरी म्हणाले, लोखंडानं जमीन नासते. दोन वर्षं गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणतात. माणूस हटला नाही.

भाची : हेच तर माझं म्हणणं! वृत्ती.

मामा : पुढचं विसरलीस. बेळगावातून जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधच्या राजांनी कुंडल स्टेशनजवळ माळरान दिलं, वर कर्ज दिलं, म्हणून १९१० ला किर्लोस्करवाडी झाली. पहिल्या महायुद्धात बिडाचा तुटवडा पडला तर शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. मला कोण तोफा देतंय?

किर्लोस्करांना दोन्ही पक्ष साक्षीला बोलावतात, हे मी पूर्वीही पाहिलं आहे. म्हणून भाची दुसऱ्या उदाहरणाकडे वळली. ते मला जास्त कामाचं वाटतं, कारण त्यात राजा नाही.

भाची : लिज्जत घ्या. १९५९, गिरगावातली लोहाणा निवासाची गच्ची, सात बायका, उसने ऐंशी रुपये. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं झाली आणि भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला दिली. सुरुवातीला दोन प्रतीचे पापड करायच्या, एक स्वस्तातला. ज्यांनी पैसे दिले होते ते छगनबाप्पा म्हणाले, एकच प्रत करा, चांगली, आणि हिशेब चोख ठेवा. देणगी घ्यायची नाही, हे त्या बायकांनी ठरवून टाकलं.

मामा : पापडाला व्हीएमसी लागत नाही.

भाची : लागत नाही, आणि म्हणूनच बघा त्यांनी काय केलं. जागेला पैसा नव्हता, तर प्रत्येकीचं घर हाच कारखाना. पीठ एका ठिकाणी मळायचं, सकाळी वाटायचं, दुसऱ्या दिवशी लाटलेले पापड वजन करून, तपासून घ्यायचे आणि मजुरी तिथल्या तिथं हातात. मालकी लाटणाऱ्या सगळ्यांची, प्रत्येक जण बहीण. तुम्हाला अठरा माणसांवर लक्ष ठेवता येत नाही, त्या हजारोंच्या संख्येनं घरी बसून काम करतात आणि पापडाची चव तीच राहते. लक्ष ठेवायचं ते पिठावर आणि वजनावर, माणसावर नाही. मधलं सगळं ज्याचं त्यानं बघायचं.

योगायोग असा की त्याच १९५९ साली एडिथ पेनरोज या अर्थशास्त्रज्ञ बाईंचं 'द थिअरी ऑफ द ग्रोथ ऑफ द फर्म' हे पुस्तक आलं. कंपनीच्या वाढीचा वेग तिच्याजवळच्या अनुभवी, एकमेकांना ओळखणाऱ्या कारभारी माणसांच्या क्षमतेनं बांधलेला असतो, असं त्यांनी त्यात मांडलं. असली माणसं बाजारात तयार मिळत नाहीत, ती आतच घडवावी लागतात आणि त्याला वेळ लागतो. गिरगावातल्या गच्चीवर कुणी ते पुस्तक वाचलं नसणार.

मामा : ठीक आहे. पण तुझ्या गोष्टीतली एक गोष्ट तू नीट पाहिली नाहीस. मजुरी रोज हातात! त्या बायकांना कुणी नव्वद दिवस थांबवलं असतं तर त्या आठव्या दिवशी परत धुणीभांडी बघायला लागल्या असत्या. वृत्ती कुठली नि काय. पैसा फिरता राहिला म्हणून विश्वास टिकला.

भाची : ... हे मी लिहून घेते.

मामा : घे. आणि तुमच्या साहेबालाही दे. आणि त्या तारापूरवाल्या गिरण्यांचं पुढे काय झालं? सल्लागार गेल्यावर?

भाची : २०१७ च्या सुमाराला परत जाऊन पाहिलं त्यांनी. शिकवलेल्यातल्या निम्म्या पद्धती सुटल्या होत्या. कुठं मॅनेजर बदलला, कुठं मालकांना वेळ होईना. पण निम्म्या टिकल्या, आणि ज्यांना शिकवलं नव्हतं त्यांच्यापेक्षा ते अजून पुढेच होते.

मामा : निम्म्या टिकल्या म्हणजे बऱ्याच टिकल्या. मग आता करायचं काय? नुसतं बोलून सुटायचं नाही.

भाची : तुमचा जुना सेटर गेला. त्याच्या खालचा जो आहे, चौदा वर्षं झाली त्याला, त्याच्या हाती इन्सर्टची खरेदी द्या. आणि रिजेक्शनच्या वहीवर सही त्याची. तुम्ही रोज बघायचं नाही.

मामा : आणि पीएफ?

भाची : वीस व्हायची वाट कशाला? मालक आणि बहुतेक कामगार राजी असतील तर आधीच लागू करून घेता येतो. मी मात्र तुमच्या गिऱ्हाइकाच्या बिलांवर कर्ज बसतं का ते आमच्याकडे विचारते. घराचा उतारा न मागता. हो म्हणतील असं नाही.

मामा : तू विचार, मग बघू. खरेदी किती रुपयांपर्यंत द्यायची त्याला?

भाची : एका वेळी पंधरा हजार.

मामा : पाच.

भाची : पाच हजारांत इन्सर्टचा एक डबा तरी येतो का? बारा.

मामा : सात. आणि बिल संध्याकाळी माझ्या टेबलावर.

भाची : दहा. बिल त्याच्याच फाइलला, तुम्ही महिन्याच्या एक तारखेला बघायचं.

मामा : पंधरवड्याला.

भाची : महिन्याला, मामा.